केरूचे नाव बदलू घातले, त्याची बखर

श्री. जो निर्गुण, निराकार, आणि तरीही ज्यास लोकांनी सहस्र नावांनी हाका मारिल्या आणि ज्याने कोणत्याही हाकेस 'हे माझे नाव नव्हे' ऐसे म्हटले नाही, त्या परमेश्वरास आधी नमस्कार. शके सोळाशे सत्तावन, राक्षस नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवसापासून कोणे एके राज्यात जे वर्तमान जाहले, ते ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण त्या दिवसांत तेथे कोणाचेही नाव उघड घेणे जोखमीचे होऊन बसले होते, तो सर्व प्रकार पुढे कळेलच.

त्या राज्याचे महाराज मोठे प्रतापी, दानशूर, न्यायास कठोर, परंतु एक गोष्ट त्यांस सोसवत नसे, ती म्हणजे कोणी हसणे. शत्रूने तोफ डागिली तर महाराज मांडी न मोडता पाहत बसत, आणि पाठीमागे कोणी नुसते खुसखुसले तर दोन दिवस त्यांस अन्न गोड लागत नसे. ऐसे असता दर्यापारच्या टोपीकरांचा वकील, नाव क्लोदसाहेब, नजराणे घेऊन आला, आणि महाराजांनी त्याचा मोठा सत्कार केला, आणि आपले ऐश्वर्य दिसावे म्हणून दरबारी नोकरांची हजेरी त्याचे देखत पुकारविली. भालदार पुकारू लागला, 'धोंडजी, दगडोजी, भिकाजी, उकिरडोजी, केरो विसाजी', आणि दुभाषी वकिलाचे कानाशी लागून एकेका नावाचा अर्थ सांगू लागला. मग वकिलाने आधी ओठ दाबिला, मग रुमाल तोंडास लाविला, आणि मग रुमालही पुरेना तेव्हा तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "माझ्या राजास लिहून कळवितो की या दरबारी दगड दोन, भिकारी एक, उकिरडा एक आणि केर एक आहे, तेव्हा येथे फौज न पाठविता झाडू पाठविला तरी काम होईल." महाराज उठून आत गेले आणि त्या दिवशी ताटावरून तसेच उठले.

दुसरे दिवशी अमात्य त्रिविक्रमराव यांनी हुकूम लिहिला. हे अमात्य शहाणे खरे, पण आपल्या नावाचे तेज आपल्या अंगी उतरले आहे ऐसी त्यांची पक्की समजूत. हुकूम ऐसा की, या राज्यात जो कोणी चाकरी करतो, देशी असो की परदेशी, त्याच्या नावाचा अर्थ तपासावा, आणि अर्थ ओंगळ, हलका अथवा हास्यास्पद निघाल्यास एक महिन्याचे आत त्यास भारदस्त नाव द्यावे, आणि त्याउपरी जुने नाव घरीदारी कोणी उच्चारू नये, आणि जो ऐकणार नाही त्याची चाकरी जाईल आणि त्याने कुटुंबासह वेस ओलांडावी. अमात्यांचा आवेश इतका की त्यांनी जोशीबुवांस बोलावून संवत्सराचेही नाव बदला म्हणून सांगितले, राक्षस हे काय नाव जाहले! जोशीबुवांनी कपाळास हात लाविला आणि म्हणाले की ते ब्रह्मदेवाकडचे खाते आहे. मग तेवढे राहिले.

आता ही नावांची याद कोणी करावी, तर नावनिशीच्या दफ्तरातील कारकुनाने, आणि तो कारकून म्हणजेच केरो विसाजी, वय वर्षे अडतीस, अक्षर मोत्यासारखे, स्वभाव गरीब. दरबारात ज्या केराचे हसे जाहले तो हाच. खरे सांगावयाचे तर हुकूम ऐकून केरो विसाजीस दुःख जाहले नाही, उलट आतून गुदगुल्या जाहल्या. पंतोजींच्या शाळेत पोरांनी झाडू दाखवून चिडविले होते, लग्नात मेहुण्यांनी उखाण्यापायी छळले होते, आणि बायकोने तर पंधरा वर्षांत नवऱ्याचे नाव घेण्याची वेळ आली की खोकल्याचे निमित्त केले होते. तेव्हा सरकारातूनच नाव बदलून मिळते तर देव पावला ऐसे त्यास वाटले, आणि त्याने आपल्यापुरते यशवंतराव हे नाव मनात धरिले, आणि दफ्तरात कोणी नाही ऐसे पाहून एका जुन्या कागदाच्या पाठीवर ते सात वेळा लिहूनही पाहिले. त्यातील 'श' फार देखणा आला होता.

दोन दिवसांनी त्याने हे घरी मातोश्रींस सांगितले. मातोश्री राहीबाई, वय सत्तरीच्या घरात, त्या वेळी ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. त्यांचे हात थांबले आणि त्या बोलल्या, "नाव बदलायचं नाही." केरो म्हणाला, "अगं आई, सरकारचा हुकूम आहे. नाही बदललं तर घरदार सोडून वेशीबाहेर जावं लागेल." राहीबाई म्हणाल्या, "जाऊ. झाडाखाली राहू. पण नाव बदलायचं नाही." मग केरो चिडला आणि इतक्या वर्षांचे साठलेले बोलून गेला, "तुला काय जातंय सांगायला? जन्मभर लोक हसले ते मला! पोटच्या पोराला केर म्हणताना तुझी जीभ तरी कशी वळली?" त्यावर राहीबाईंनी सूप खाली ठेविले आणि जे कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. "तुझ्या आधी चार झाली, केरू. पहिल्याचं नाव चिरंजीव ठेवलं. तो नऊ दिवस होता. दुसरी अमृता, ती सव्वा महिना. तिसऱ्याचं नाव भटजींना विचारून आयुष्य ठेवलं, त्यानं तर डोळेही नीट उघडले नाहीत. चौथा मृत्युंजय. तो बसायला लागला होता रे, उशी लावली की बसायचा. मग तू झालास, तेव्हा मी कोणालाच विचारलं नाही. शेजारच्या तेलिणीनं तुला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि ओरडली, अगं बायांनो, केरात पोर सापडलं! मग मी सूपभर कोंडा देऊन तुला तिच्याकडनं विकत घेतला. तू माझा नाहीसच. विकतचा आहेस. यमाच्या घरी असंच ठाऊक आहे."

केरोने खाली ठेविलेल्या सुपाकडे पाहिले. पण कारकुनाचा जीव, तो म्हणाला, "आई, मी अडतीस वर्षांचा घोडा झालो. आता यम कशाला येतोय मला बघायला?" त्यावर मातोश्री म्हणाल्या, "का नाही येणार? तिकडेही तुझ्यासारखाच कोणी कारकून वही घेऊन बसलाय. राहीचा मुलगा म्हणून शोधतो, चांगलंसं नाव दिसत नाही, केर दिसला की पान उलटतो. तू झोकात नवं नाव लिहिलंस की सापडलास त्याला. तुला यशवंतराव व्हायचंय ना? हो. पण त्या दिवसापासून माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही, एवढं सांगून ठेवते." आपण मनात धरिलेले नाव हिला कसे कळले, ऐसे केरोस वाटले, तर झोपेत तेच बरळत होता ऐसे बायकोने मागाहून सांगितले. केरो विसाजीचे तोंडचे पाणी पळाले. इकडे नाव राखावे तर चाकरी जाते आणि म्हाताऱ्या आईस घेऊन झाडाखाली जावे लागते, तिकडे नाव टाकावे तर आई जाते, आणि म्हातारीचा हट्ट केवढा, ते त्याच्याइतके कोणास ठाऊक होते?

तथापि याद करणे भागच होते, म्हणून केरो लेखणी घेऊन फौजेत हिंडू लागला. यादीस तीन रकाने, नाव, अर्थ आणि नवे नाव. आधी आपल्या मुलखाचे धोंडजी, दगडोजी लिहिले आणि मग परदेशी लोकांकडे गेला. कावेरीकाठचा एक भालाईत होता, उंच, काळा, मिशा झुबकेदार, नाव कुप्पन. केरोने अर्थ विचारिला, तो म्हणाला, "आमच्या बोलीत कुप्पै म्हणजे केरकचरा." केरोची लेखणी थांबली. त्याने भीतभीत विचारिले, "तुझ्या आधी किती गेली?" कुप्पन चकित होऊन म्हणाला, "तीन. तुला कोणी सांगितले?" केरो म्हणाला, "आणि तुला उकिरड्यावरून आणून विकत घेतला?" कुप्पन म्हणाला, "होय. कोंडा देऊन." मग कुप्पनने आपल्या मोठ्या पंजाने केरोची पाठ ऐसी थोपटली की शाई सांडली. शेकडो कोसांवरच्या दोन आया, एकमेकींची भाषा न जाणणाऱ्या, आणि दोघींना सुचला तो कोंडाच, याचे केरोस इतके नवल वाटले की तो तेथेच पायरीवर बसला.

त्याउपरी त्याने प्रत्येकास अर्थाबरोबर कारणही विचारावयास सुरुवात केली. तोफखान्यावर एक तुर्क गोलंदाज होता, दुरसून, भुवया दारूने जळलेल्या. तो म्हणाला, "आमच्याकडे याचा अर्थ राहो, थांबो. माझ्या आधी दोन भाऊ गेले, मग आईने मला मांडीवर घेऊन तेवढेच म्हटले, आणि तेच नाव पडले." त्रिविक्रमरावांनी हे वाचून नाक मुरडले आणि म्हणाले, "हे नाव नव्हे, हे तर अर्धे वाक्य आहे, याचे काहीतरी पूर्ण करा." मग घोड्यांचा एक सौदागर होता, उत्तरेकडील थंड गवताळ मुलखाचा, चेहरा रुंद, डोळे बारीक, तो पागेस घोडी शिकवीत असे. त्याचे नाव नेरगुई. अर्थ विचारिला तर म्हणाला, "नाव नाही." केरो म्हणाला, "अरे, नाव आहे, तू आताच सांगितलेस, अर्थ सांग." तो म्हणाला, "तोच अर्थ. ज्याला नाव नाही तो. वाईट काही हाक मारावयास आले तर काय म्हणून मारील?" आणि हसू लागला, आणि हसताना घोड्याच्या मानेवरून हात फिरवीत म्हणाला, "माझ्या आईची युक्ती. मी सहावा." केरोने हेही लिहिले. घरी येऊन त्याने हे सगळे आईस सांगितले, आणि राहीबाई कोणी पाहुणे येऊन गेल्याप्रमाणे एकेकाचे विचारू लागल्या, "आणि त्या गोलंदाजाची आई आहे का अजून? आणि त्या घोडेवाल्याला भाकरी कोण घालतं?" त्या दिवशी केरोने यादीस कारणाचा चौथा रकाना आखिला, तो हुकुमात नव्हता.

महिना भरला आणि दरबार भरला. महाराज सिंहासनी बसले, परंतु चित्त थाऱ्यावर नव्हते, कारण युवराज सात महिन्यांचे, अकरा दिवस ज्वराने तापलेले. राणीसाहेबांचे दोन कुमार याआधी असेच गेले होते. म्हणून या तिसऱ्याचे नाव अमात्यांच्या सल्ल्याने फार जबरदस्त ठेविले होते, श्रीप्रचंडप्रतापदिग्विजयभूपेंद्रसिंह, ते पूर्ण घेईतो बाळ झोपी जाई. राणीसाहेब त्यास मांडीवर घेऊन चिकाच्या पडद्याआड बसल्या होत्या. टोपीकरांचा वकील मानाच्या जागी होता. आणि दरबाराच्या पायऱ्यांशी राहीबाई पदर खोचून बसल्या होत्या. चोपदाराने हटकिले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या पोराचं नाव बदलतायत. यम कोणत्या दारानं येतो ते बघते." चोपदार दोन पावले मागे सरला आणि त्याने पुन्हा हटकिले नाही.

मग केरो उभा राहिला आणि वाचू लागला. अक्षर आपलेच असूनही दिसेना, पण वाचीत गेला. "धोंडजी. अर्थ दगड. कारण, आधीची दोन भावंडे वारली. भिकाजी. अर्थ भिकेत मिळालेला. कारण, आधीच्या तीन बहिणी वारल्या. कुप्पन. अर्थ केर. कारण, आधीची तीन वारली. दुरसून. अर्थ राहो. कारण, आधीचे दोन भाऊ वारले. नेरगुई. अर्थ नाव नाही. कारण, आधीची पाच वारली." त्रिविक्रमराव मध्येच म्हणाले, "कारण कोणी विचारले होते? पुढचे नाव वाच." परंतु महाराज म्हणाले, "वाचू द्या." आणि केरो वाचीत गेला, एकेचाळीस नावे, आणि एकेचाळीस वेळा चौथा रकाना, आणि दरबारात जे आरंभी मिशीत हसत होते ते हळूहळू खाली पाहू लागले. मग शेवटचे नाव आले. केरोने पान उलटिले आणि वाचिले, "हुकुमात देशी वा परदेशी ऐसे शब्द आहेत, आणि वकीलसाहेब महिनाभर सरकारचा शिधा खातात, म्हणून त्यांचेही नाव घेतले. क्लोद. दुभाषी म्हणतो की त्यांच्याकडील जुन्या रोमी भाषेत याचा अर्थ लंगडा. कारण, साहेबांस ठाऊक नाही."

वकिलाने आपल्या दोन्ही धडधाकट पायांकडे पाहिले आणि म्हणाला, "हे माझ्या आजोबांचे नाव. ते माझे फार लाड करीत. अर्थ कधी कोणी पाहिलाच नाही." आणि त्याचे गाल लाल जाहले, आणि तो उठून लवून म्हणाला, "त्या दिवशी हसलो ते चुकलो." तेव्हा महाराज हसले. आधी गालात, आणि मग मोठ्याने, गादीवर हात आपटून, आणि महिनाभर दरबारच्या छातीवर बसलेला धोंडा खाली उतरला. परंतु त्रिविक्रमराव हुकुमाचे पक्के, ते म्हणाले, "हसणे जाहले, आता अंमल व्हावा. पहिला मान केरो विसाजीचा. आजपासून..." आणि इतक्यात पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला. "थांबा. कारकून, तुझे कारण तू वाचिले नाहीस."

केरो म्हणाला, "माझ्या आधीची चार वारली, राणीसाहेब. आई पायऱ्यांशी बसली आहे." मग राणीसाहेब रीतीभाती सोडून पडदा सारून बाहेर आल्या, कडेवर बाळ, डोळे सुजलेले, आणि राहीबाईंस आत बोलाविले आणि विचारिले, "तुमचा हा राहिला तो कशाने?" राहीबाईंनी बाळाच्या कपाळास हात लाविला, आणि मग महाराजांकडे वळून जसे शेजारच्या घरात बोलावे तसे बोलल्या, "ही काय नाव ठेवायची रीत झाली, महाराज? एवढं लांब नाव पाळण्यावर टांगलंत, ते यमाच्या माणसाला वेशीवरनं वाचता येतं! सूप आणा. आणि केर आणा." सूप आले. केर मात्र मिळेना, कारण राजवाडा दिवसातून तीन वेळा झाडीत असत. मग महाराजांनी आज्ञा केली आणि अमात्य त्रिविक्रमराव स्वतः पागेमागे जाऊन, शेला सावरीत, दोन ओंजळी कचरा घेऊन आले, आणि तो त्यांच्या उभ्या कारकिर्दीतील पहिला उपयोगी कामगिरीचा दिवस होता ऐसे पागेतले लोक म्हणतात.

मग अंगणात केर पसरला आणि त्यावर सुपात युवराजांस ठेविले. राहीबाईंनी सर्वांस बजावून सांगितले की आता कोणी हे पोर माझे म्हणावयाचे नाही. मग त्या चार पावले लांब गेल्या, फिरून आल्या, आणि दचकल्यासारखे करून ओरडल्या, "अगं बाई, केरात पोर पडलंय! कोणाचं हो हे?" बाळ रडू लागले आणि महाराज एक पाऊल पुढे आले, तोंड उघडले, आणि राणीसाहेबांनी त्यांचे मनगट असे आवळिले की ते जागचे हलले नाहीत. ज्या राजाने सात गड घेतले, तो आपल्या लेकराकडे पाहून "कोणाचे की, आम्हांस ठाऊक नाही" ऐसे बोलला. मग राहीबाईंनी बाळ उचलिले, राणीसाहेबांनी पदर पसरून ते मागितले, आणि मुदपाकखान्यातून सूपभर कोंडा आणून त्यांस दिला, आणि राहीबाईंनी बाळ त्यांच्या ओटीत घालून म्हटले, "घ्या. कोंड्याला घेतलं, कोंडाजी म्हणा. चांगलं नाही, वाईट नाही, नुसतं जगायला पुरे." केरोने लेखणी काढून नावनिशीत ते नाव लिहिले आणि लांबलचक नावावर आडवी रेघ मारिली.

तिसरे दिवशी प्रातःकाळी युवराजांचा ताप उतरला आणि त्यांनी दूध मागून असा आकांत मांडिला की तो ऐकून वाड्यातील सर्वांचा जीव भांड्यात पडला. राजवैद्य म्हणाले, आमचा काढा लागू पडला. राहीबाई म्हणाल्या, पडला असेल. महाराजांनी हुकूम आपल्या हातांनी फाडिला, आणि कुप्पन, दुरसून, नेरगुई आणि धोंडजी-दगडोजी सर्वांस आपापल्या आयांच्या नावांनी, म्हणजे आयांनी दिलेल्या नावांनी, कायम केले. वकिलाने आपल्या राजास लिहिलेले हजेरीचे पत्र धाडिलेच नाही, ऐसे दुभाषी सांगतो.

आणि केरो विसाजीस महाराजांनी बोलावून विचारिले, "तू आमचे मोठे काम केलेस. आता सक्ती नाही, पण तुझी खुशी असेल तर हवे ते नाव घे." केरो घरी आला आणि त्याने आईस ते सांगितले. राहीबाई ओसरीवर होत्या, त्यांनी ऐकिले आणि म्हणाल्या, "घे बाबा. तुला हवं ते घे. राजाचं पोर माझ्या हातनं राहिलं, तेव्हापासून माझं भय गेलंय बघ. पोटातला गोळा अडतीस वर्षांचा होता, तो निघून गेला. बदल नाव, मी पाणी पिईन, जेवीनही." केरोस जे जन्मभर हवे होते ते आता ताटात वाढून पुढे ठेविले होते. तो खांबास टेकून बसला आणि त्याने विचारिले, "आई, भय नसतं, तर तू माझं नाव काय ठेवलं असतंस?" राहीबाई प्रथम लाजल्या. म्हणाल्या, "आता काय त्याचं?" केरो म्हणाला, "ठरवलं होतंस ना पण?" म्हाताऱ्या आईने इकडे तिकडे पाहिले, यमाची नव्हे, सुनेची चाहूल घेतली, आणि त्यास जवळ ओढून, बारशाला नाव सांगतात तसा त्याचा कान आपल्या तोंडाशी धरून, अडतीस वर्षे कोणास न सांगितलेले नाव त्यात सांगितले. केरो विसाजीने डोळे मिटून ते ऐकिले आणि म्हणाला, "फार सुंदर आहे गं." दुसरे दिवशी दफ्तरात जाऊन त्याने सही केली, ती केरो विसाजी म्हणूनच केली.

येणेप्रमाणे हकिगत जाहली. कोंडाजी महाराजांनी पुढे बावन्न वर्षे राज्य केले आणि नाण्यावर तेच नाव पाडिले. केरो विसाजी एक्याऐंशी वर्षांचा होऊन समाधानाने गेला. मातोश्रींनी कानात सांगितलेले नाव कोणत्याही दफ्तरी लिहिलेले नाही, म्हणून येथेही लिहिले नाही. वाचणाऱ्यांची लेकरे, कोणत्याही नावाची असोत, सुखी राहोत.